वालूरच्या लग्नातली तेवीस पिंपं

हसणार नसाल तर सांगतो. आणि हसणारच असाल, तर आजचा चहा तुमच्याकडून. कबूल? मग ऐका.

माणूस दुसऱ्याची चूक सांगतो तेव्हा तिला 'मूर्खपणा' म्हणतो, आणि स्वतःची सांगतो तेव्हा 'परिस्थितीच तशी होती' म्हणतो. मीही आजवर तेच केलं. पण ही चूक परिस्थितीच्या गळ्यात बांधायला गेलो तरी बांधता येत नाही. कारण तिचा नकाशा मी स्वतः सांगून काढून घेतला, आणि खाली झोकात सही केली!

सेलूत माझं भांड्यांचं दुकान आहे. मला सगळे अप्पा म्हणतात. शाळा नववीपर्यंत, पुढचं सगळं शिक्षण दुकानाच्या गादीवर झालं. गिऱ्हाईक पायरी चढतं कसं, यावरून ते परात घेऊन जाणार की नुसता भाव विचारून जाणार, हे मी बसल्या जागी सांगतो. निदान सांगतो असं मला वाटायचं.

आता आमच्याकडची एक रीत सांगतो, तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही. लग्नात इकडे भांड्यांचा आहेर करतात. मामा, आत्या, चुलते, शेजारी, सगळे काही ना काही भांडं देतात. आणि भांडं नुसतं देऊन भागत नाही; त्यावर देणाऱ्याचं नाव पाहिजे. 'अमुक यांजकडून सप्रेम भेट.' पन्नास वर्षांनी त्या घरात कोणी कळशी घासायला घेतली, तर घासता घासता आत्याची आठवण निघाली पाहिजे! बरं, एकदा नाव पडलं की ते भांडं कोणताही दुकानदार परत घेत नाही. घेऊन करणार काय? दुसऱ्याच्या आत्याचं नाव आपल्या फडताळात कोण ठेवतं?

हे नाव घालायचं काम आमच्याकडे नूरभाई करतात. तीस वर्षं झाली. दुकानाच्या दारातच डाव्या हाताला बुटक्या स्टुलावर बसायचे. हातात ते विजेवरचं टर्रर्र करणारं यंत्र, नाकावर चष्मा, आणि अक्षर असं की लोक भांड्यापेक्षा अक्षराकडेच बघत बसत.

पण नूरभाईंची एक खोड होती. नाव विचारून गप्प बसतील तर शपथ! "लगीन कुणाचं? तुमी मामाकडून का आत्याकडून? आन् त्ये परभणीवाले मावसे, त्ये येणार का न्हाई?" अर्धं लग्न तिथेच लागायचं. माझं डोकं फिरायचं. मागे चार माणसं उभी, आणि हे पाहुण्याच्या साडूची चौकशी करायलेत!

तर झालं असं, की माझ्या समोरच्या नव्या दुकानात टॅब आला. पाटीएवढा, काचेचा. बोट लावलं की माल दिसतो. माझी झोप उडाली हो! टॅब त्याच्याकडे आणि आपण अजून वही घेऊन बसायचं?

मी फोन केला प्रज्ञाला. प्रज्ञा म्हणजे माझ्या वर्गातल्या किशनची मुलगी. किशन पंचायत समितीत क्लार्क होता. ही पोरगी शिकली, पुण्यात कंपनीत राहिली, आणि परत येऊन परभणीत स्वतःचं ऑफिस थाटलं. दुकानदारांना, दवाखान्यांना त्यांच्या कामाची कॉम्प्युटरवरची सिस्टिम बसवून देते.

"जय भीम, काका," म्हणत आली आणि पिशवीतून काय काढलं? टॅब नाही, कॉम्प्युटर नाही. पांढऱ्या कागदाची भलीमोठी गुंडाळी!

"हे काय गं? पतंग करायलीस का?"

"सॉफ्टवेअर नंतर, काका. आधी मॉडेल."

"कशाचं मॉडेल?"

"तुमच्या दुकानाचं. घर बांधायच्या आधी नकाशा काढता ना? तसंच. गिऱ्हाईक दारात आल्यापासून भांडं त्याच्या घरी जाईपर्यंत कोण कुणाला काय सांगतं, कोण काय लिहून ठेवतं, कुणाच्या नुसतं डोक्यात राहतं, हे सगळं चौकोन आणि बाण करून काढायचं. एक चित्र 'आहे तसं'. दुसरं चित्र 'पाहिजे तसं'. ह्याच्यातून त्याच्यात कसं जायचं, ती तुमची सिस्टिम."

मला पटलं. व्यापारी माणसाला नकाशा लगेच पटतो. पण पुढे म्हणाली, "मला तीन दिवस दुकानात बसू द्या. कुणाला काही बोलणार नाही. नुसतं बघते."

"आन् बघायचं काय त्यात?" मी म्हणालो. "तीस वर्षं ह्या गादीवर बसलाव मी. तू तीन दिवसांत काय बघशील? मी सांगतो, तू काढ. एका चहात नकाशा तयार!"

"काका, मालक सांगतात ते 'आहे तसं' नसतं. ते 'असावं तसं' असतं."

मी खो खो हसलो. तिच्या पाठीवर थाप मारून म्हणालो, "पोरी, तू किशनची लेक शोभतीस. काढ, काढ चौकोन."

तिनं कागद पसरला. पहिला चौकोन गिऱ्हाईक. दुसरा काउंटर. मी म्हणालो, मधोमध एक मोठा काढ. त्यात लिही, मालक. आणि सगळे बाण तिकडे ने. तिनं नेले. माझा चौकोन असा दिसायला लागला, जसा भर यात्रेत नारळाचा स्टॉल!

"आता सांगा," ती म्हणाली. "एका लग्नात कुणी काय नेलं, ही माहिती कुठं जाते?"

"माझ्याकडं."

"आणि तुम्ही तिचं काय करता?"

आता खरं सांगू? काही करत नव्हतो. ती माहिती माझ्याकडे येतच नव्हती! पण समोर एवढा मोठा चौकोन काढून ठेवलेला. त्यात काहीतरी घडायला नको? मी ठोकून दिलं, "पुढच्या गिऱ्हाइकाला सांगतो. जे जास्त चाललंय ते दाखवायचं. धंद्याचा नियम हाय."

तिचं पेन थांबलं. "पण आहेरात तीच वस्तू पुन्हा नको ना, काका? कुणी मामाला सांगतच असेल की कुकर झाला, दुसरं बघा. ते कोण करतं?"

"लोकांना अक्कल असती, बाई!"

"नक्की?"

"नक्की. आन् हे बघ, नूरभाईचा चौकोन इथून काढ. त्येंच्या बोलण्यात टायम जातो. त्येंना मागं गोदामात नेऊ. चिठ्ठीवर नाव जाईल, भांडं जाईल, नाव घालून परत येईल. बोलणं बंद!"

तिनं काढलं, पण कागदाच्या खाली बारीक अक्षरात लिहिलं: 'मालकांच्या सांगण्यावरून. प्रत्यक्ष पाहिलेलं नाही.' आणि म्हणाली, "काका, सही करा." मी केली. एवढी मोठी, की दोन बाण झाकले गेले.

महिनाभरात सिस्टिम आली. टॅबला हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला. नूरभाई आपलं स्टूल उचलून गोदामात गेले. जाताना एवढंच म्हणाले, "अप्पा, तिथं हवा येत न्हाई."

"पंखा लावू की," मी म्हणालो. लावला का? नाही लावला.

दोन दिवसांनी ते बाहेर आले. "अप्पा, एक बात हाय—"

"नूरभाई, आता तोंडी न्हाई. सगळं लिखित. ही बघा सूचना-पेटी. चिठ्ठी टाका." पेटी मी स्वतः आणली होती, कुलपाची. किल्ली कमरेला. आपण म्हणजे एकदम आधुनिक!

नूरभाईंनी पेटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि आत गेले.

आणि त्याच आठवड्यात वालूरच्या लग्नाचा बाजार सुरू झाला.

लग्न कुणाचं? माझा जिवलग मित्र नागोराव, वालूरला शाळेत गुरुजी होता, त्याच्या शीतलचं. आमची पोर म्हणा ना! लहानपणी माझ्या दुकानात परातीत बसून खेळायची. तिचं लग्न म्हणजे सगळा आहेर माझ्याच दुकानातून जाणार, हे ठरलेलं.

पहिले आले मोठे मामा. शहाणा माणूस. म्हणाले, "पिंगळीला द्यायलेत पोरीला. नळाचं काय खरं हाय? तोटीचं पिंप द्या, चाळीस लिटरचं." उत्तम आहेर! मी टॅबवर नोंद केली.

दुसरे आले चुलते. मी ऐटीत टॅबवर वालूरचं लग्न दाबलं. तर तिथं सोनेरी चांदणी चमकली: 'या लग्नात पसंती: पिंप.'

"काय बघायलाव अप्पा त्याच्यात?"

"आता अंदाजपंचे न्हाई सांगत आपण. मशीन सांगतंय. ह्या लग्नात पिंपाला पसंती हाय."

"मुलीकडच्यांनीच सांगितलं काय?"

"मशीन खोटं बोलतंय का?"

आता बघा, त्यांनी विचारलं एक आणि मी उत्तर दिलं दुसरंच! पण त्यांना ते बरोबर वाटलं. "मंग पिंपच द्या. मामानं केवढं नेलं?"

"चाळीस."

"मला साठ द्या. आमी काय मामापेक्षा कमी हाव?"

झालं! तिसऱ्याला चांदणी दिसली, चौथ्याला दोन चांदण्या. पाचवा तर दारातूनच म्हणाला, "अप्पा, ते वालूरच्या लग्नातलं पिंप द्या." जसं काही पत्रिकेतच छापलं होतं! जो जो येईल त्याला मी टॅब दाखवायचो. गोदामातून टर्रर्र आवाज थांबता थांबेना. टॅब म्हणाला, पिंपं संपत आली. मी घाऊक व्यापाऱ्याला फोन लावून टेम्पोभर मागवली. मोंढ्यातल्या बाजारात चहा पिताना सांगत सुटलो, "सिस्टिम बसवा रे! माझं पिंप बघा कसं पळायलंय!"

त्यात एक दिवस सख्खी आत्या आली. हातात तवा, काखेत पोळपाट-लाटणं. म्हणाली, "अप्पा, मी ह्येच देणार. पोरीला रोज लागतंय."

मी टॅब तिच्यापुढं धरला. "आत्याबाई, बघा तरी. एकवीस जणांनी पिंप नेलं. तुमी सख्ख्या आत्या. मांडवात माइकवर नाव पुकारतील, तेव्हा पोळपाट कसं दिसंल?"

तिचा चेहरा उतरला. तिनं पोळपाट हळूच खाली ठेवलं. पिंप घेऊन जाताना एकदा वळून त्या पोळपाटाकडे बघितलं. मला ते आज दिसतं. त्या दिवशी दिसलं नाही.

आणि मी? मी नवरीचा काका. मी मागे राहीन? सगळ्यांत मोठं, ऐंशी लिटरचं, मीच बाजूला काढून ठेवलं.

लग्न वालूरला, सकाळचं. अक्षता पडल्या, जेवणं सुरू झाली, आणि माइकवाल्यानं आहेर पुकारायला घेतला.

"नवरीचे मोठे मामा यांच्याकडून... एक पिंप!" टाळ्या.

"नवरीचे चुलते यांच्याकडून... एक पिंप!" टाळ्या, जरा कमी.

तिसरं पिंप. चौथं. सहाव्याला पंगतीत कोणीतरी खुदकन हसलं. नवव्याला माइकवाला 'यांच्याकडून' म्हणून थांबला, तर अख्ख्या मांडवानं एका सुरात सांगितलं, "पिंप!"

मग काय विचारता! पोरंसोरं, म्हातारी माणसं, वरातीतले बँडवाले, सगळे वाटच बघायला लागले. माइकवाला पण चावट. तो मुद्दाम लांबवायला लागला, "यांच्याकडून... सप्रेम... आपुलकीचं... एक..."

"पिंप!"

मी घामाघूम. उठून जावं तर पानावर बसलेलो. आणि शेवटी आलंच. "आता सेलूचे प्रसिद्ध व्यापारी, नवरीचे काका, आपले लाडके अप्पा यांच्याकडून..."

मांडवाचं छत उडालं असतं! नवरदेव हसला, भटजी हसले, वाढपी हातातली बुंदी घेऊन खाली बसले. मांडवामागं तेवीस पिंपं ओळीनं उभी होती, जणू वऱ्हाडच आलंय.

एकटा नागोराव हसला नाही.

त्यानं मला बाजूला नेलं. आवाज चढवला नाही, ते जास्त लागलं. "अप्पा, पिंगळीला पोरीनं दोन खोल्यांत नवं बिऱ्हाड थाटायचंय. कपाट, गाद्या मी केल्या. भांड्याचं मात्र काहीच केलं न्हाई. यादीसुद्धा केली न्हाई. म्हणलं, आपले लोक देणार, अप्पाच्या दुकानातून येणार. अप्पा हाय म्हणल्यावर सगळं नीट येणार." त्यानं मांडवामागच्या पिंपांकडं बोट केलं. "आता परवा सकाळी ती चहा कशात करंल? पिंपात?"

मी त्याचे हात धरले. म्हणालो, "नागोराव, सगळी परत घेतो. बदलून देतो."

तेवढ्यात मागून चुलत्यांचा आवाज आला. "परत? आमच्या नावाचं पिंप परत दुकानात? आमची काय इज्जत हाय का न्हाई?" त्यांच्या मागं मामाही उभे. नाव पडलं होतं ना! ते पिंप आता पिंप राहिलं नव्हतं, घराण्याची अब्रू झालं होतं. एकवेळ नवरी परत येईल, पिंप येणार नाही!

शीतलनं ऐकलं. मुंडावळ्या सावरत म्हणाली, "बाबा, काकांना बोलू नका. बघू आपण." झालं, मला रडूच यायचं राहिलं होतं.

घरी न जाता थेट दुकानात आलो. कमरेची किल्ली काढली आणि सूचना-पेटी उघडली. महिनाभरात पहिल्यांदा. आत चार चिठ्ठ्या. त्याच सुंदर अक्षरात.

'वालूरला पिंप झालं. दुसरं काही सांगा.'

'अप्पा, पाच झालीत. थांबवा.'

'पोरीला तवा न्हाई.'

चौथीवर लिहिलं होतं, 'हवा येत न्हाई.'

मी गोदामात गेलो. नूरभाई घामानं चिंब होऊन एका कळशीवर नाव घालत होते. मी समोरच्या पोत्यावर बसलो. "नूरभाई, तुमी दारात बसून लोकांशी एवढं बोलायचात, ते..."

"त्येच तर काम व्हतं अप्पा." त्यांनी यंत्र बंद केलं. "नाव नुसतं बहाणा. मामा आला की त्येला सांगायचं, चुलत्यानं कुकर नेला, तुमी डबे घ्या. आत्या आली की सांगायचं, डबे झाले, तुमी पातेली बघा. माणूस पिंप घेऊन आला तरी मी नाव घालायच्या आधी परत काउंटरला धाडायचो. तुमाला वाटायचं, गिऱ्हाईक मन बदलायलंय."

तीस वर्षं! तीस वर्षं माझ्या नाकासमोर हे चाललं होतं, आणि मला वाटायचं लोकांना अक्कल असती!

पोरीला तोंड दाखवायचा धीर यायला चार दिवस गेले. पाचव्या दिवशी सकाळी नूरभाईंना गाठलं. म्हणालो, "पिंगळीला जायचंय. पोरीला काय काय द्यायचं ते सांगा." त्यांनी कागद मागितला नाही. गोदामात हिंडत बोट दाखवत गेले: तवा, पोळपाट-लाटणं, पाच लिटरचा कुकर, तीन पातेली, चहाचं भांडं, गाळणी, मिसळणाचा डबा, सांडशी.

"एवढं कसं ठाऊक तुमाला?"

"तेवीस भांड्यांवर मीच नाव घातलं की. काय गेलं ते ठाऊक हाय, म्हंजे काय न्हाई गेलं ते बी ठाऊक हाय."

सामान गाडीत भरलं, नूरभाईंना पुढं बसवलं. पिंगळीला पोचलो तर काय? दोन खोल्या. एकीत नवरा-नवरी, दुसरीत पिंपं. आणि पिंपांची खोली मोठी! जावई बिचारा साठ लिटरवर बसून पेपर वाचत होता. मी हात जोडले. "पोरी, माझ्या शहाणपणानं तुझ्या संसाराचं वाटोळं झालं."

शीतलनं पहिलं काय केलं, तर त्या सामानातून चहाचं भांडं काढलं आणि आमच्यासाठी चहा टाकला. "शेजारणीकडून रोज पातेलं आणायला लाज वाटायली होती, काका," एवढंच हळू आवाजात बोलली. मग हसली. "पण पिंपांची काळजी सोडा. काल शेजारी बारसं होतं, त्यांनी दोन मागितली. परवा एका घरी जागरण-गोंधळ हाय, त्यांना सहा पाहिजेत. सगळ्यांना पाणी लागतं काका, पण पिंप कुणाकडंच न्हाई. मी म्हणलं, नेताना पुसून न्यायचं, आणताना घासून आणायचं, आन् पिंपामागं थोडं भाडं द्यायचं."

मी गार!

खरं तर मला वाटलं होतं, वालूरचे पाहुणे चवताळतील. आहेर भाड्यानं देती म्हणजे काय! तर उलटंच झालं. चुलते स्वतः एका लग्नात त्यांच्याच पिंपातून पाणी प्यायले आणि सगळ्या पंगतीला त्यावरचं नाव वाचून दाखवलं. "मामाचं चाळीसचं, आपलं साठचं," असंही सांगितलं म्हणे. सख्खी आत्या तर दर पंधरा दिवसांनी फोन करून विचारते, "माजं पिंप आता कोणत्या गावात हाय गं?"

इकडे मी प्रज्ञाला बोलावलं. म्हणालो, "बाई, बस. तीन दिवस बस, तेरा दिवस बस. मी तोंड उघडणार न्हाई."

"ते जमेल का, काका?"

"नूरभाईंना माझ्या तोंडावर हात ठेवायला सांगितलंय."

ती बसली. नूरभाई परत दारात आले, डोक्यावर पंखा. हो, आणला, आधी पंखाच आणला! तिसऱ्या दिवशी तिनं नवा कागद पसरला. मधोमध मोठा चौकोन, त्यात नूरभाई. 'काय गेलं' हा बाण त्यांच्याकडून निघून टॅबमध्ये जात होता, आणि टॅबवर आता चांदणी नव्हती. लाल अक्षरात 'हे झालं, दुसरं सुचवा' असं येणार होतं. बाण तोच होता हो! फक्त मी त्याला उलटा अर्थ चिकटवला होता.

मी कागद दोनदा बघितला. "आन् मी कुठं हाय ह्याच्यात?"

तिनं कोपऱ्यात बोट ठेवलं. लहानसा चौकोन, मालक. त्यातून एकच बाण निघत होता. त्यावर लिहिलं होतं, 'चहा सांगणे'.

"बाकीचे बाण?"

"तीन दिवसांत तेवढाच दिसला, काका. मी 'आहे तसं' काढलंय."

नूरभाई चष्मा पुसायला लागले. हसू लपवायचं होतं त्यांना, दुसरं काय!

पण सिस्टिम झकास चालायला लागली. इतकी झकास, की एका लग्नात दुसरं पिंप जाईच ना! आणि माझ्या गोदामात टेम्पोभर पिंपं येऊन पडलेली. कोण घेणार? दोन महिने मी त्यांच्याभोवती फिरत होतो, जसा घाण्याभोवती बैल.

मागच्या आठवड्यात शीतल आली, जावयाला घेऊन. गोदामात गेली, पिंपं मोजली, तोट्या फिरवून बघितल्या. "काका, सगळी नेते. परभणीकडनं बी मागणी यायली. भाव सांगा."

मी सांगितला. ती नुसती हसली. म्हणाली, "काका, दोन महिने पडून हायत, धूळ बघितली मी." अहो, घासाघीस करावी ती तिनंच! परातीत बसून सगळा धंदा बघत होती की काय लहानपणी? शेवटी मी फायद्याचं नाव सोडलं आणि वर जावयाला डबा दिला. पण मनात म्हणालो, पोर पायावर उभी राहिली, अजून काय पाहिजे?

पहिलं पिंप नूरभाईंच्या पुढ्यात आलं. त्यांनी यंत्र हातात घेतलं. "काय नाव घालू, बेटा? तुजं घालू?"

"न्हाई चाचा. सगळ्यांवर एकच लिहा. 'अप्पाकाकांच्या कृपेनं.'"

मी उठून उभा राहिलो. एवढ्या गावांत, एवढ्या मांडवांत हे फिरणार! "अगं, कृपा कसली? चूक झाली माझी. लोकांपुढं खोटं कशाला? जे हाय ते लिही."

शीतलनं पदर खोचला आणि सरळ माझ्याकडं बघितलं. "काका, 'अप्पाकाकांच्या चुकीनं' असं लिहिलं, तर त्यातलं पाणी कोण पिणार?"

नूरभाईंनी बोटांवर काहीतरी मोजलं, यंत्र सुरू केलं, आणि चष्म्यावरून माझ्याकडं बघत म्हणाले, "अप्पा, दोन्हीत अक्षरं सारखीच हायत. मजुरीत फरक न्हाई. बोला, काय घालू?"